ऑनलाइन किरकोळ व्यापार : स्पर्धा व शासकीय नियंत्रण

संगणकीय जाळ्यावरून ग्राहकाची मागणी नोंदवून घेऊन त्याच्या घरी माल पोहोचविण्याच्या व्यवहारास ऑनलाइन किरकोळ व्यापार असे म्हणतात. या व्यापारात एखादी पेढी अतिशय प्रबळ झाली, तर तिला आवर घालण्याचे काम प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांवर सोपवावे की शासनाने ते कायद्याने आपल्याकडे घ्यावे, हा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून अनेक देशांत वादाचा विषय झालेला आहे. वाद नवा भासत असला, तरी त्यातील जवळजवळ प्रत्येक युक्तिवाद अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत टपालविक्री व साखळी दुकाने यांच्या संदर्भात पूर्वीच मांडला गेला होता. म्हणून या विषयाचा इतिहास संगणकापासून सुरू न करता सूचिपत्रापासून सुरू करणे अधिक उचित ठरते.

टपालविक्री : आरन माँटगोमेरी वॉर्ड या फिरत्या विक्रेत्याने १८७२ मध्ये शिकागो येथे एका पानाची मूल्यसूची छापून ग्रामीण ग्राहकांना टपालाने व रेल्वेने माल पाठविण्यास प्रारंभ केला. पुढे रिचर्ड सीअर्स (१८६३–१९१४) यांच्या पेढीने या धंद्याचा प्रचंड विस्तार केला. तोवर शेतकऱ्याला गावच्या एकमेव दुकानदाराकडून, तो सांगेल त्या भावाने व बहुधा उधारीवर माल घ्यावा लागे. छापील किंमत आणि माल पसंत न पडल्यास परत घेण्याची हमी यांमुळे ही कोंडी फुटली. दुकानदार साहजिकच संतापले. काही गावांत सूचिपत्रांच्या जाहीर होळ्याही झाल्या.

या यशात शासनाचा वाटा लहान नव्हता. १८९६ पासून ग्रामीण भागात टपाल घरपोच मिळू लागले आणि १ जानेवारी १९१३ पासून टपालखात्याने पार्सले नेण्यास सुरुवात केली. पार्सल टपालाच्या योजनेस छोट्या व्यापाऱ्यांच्या संघटनांनी अनेक वर्षे विरोध केला होता, कारण तिचा लाभ कोणास होणार हे त्यांना अचूक कळले होते. मोकळी स्पर्धा ज्या रस्त्याने खेड्यात आली, तो रस्ता सरकारी होता. ही गोष्ट नंतरच्या वादांत दोन्ही पक्षांना सोयीनुसार आठवते व सोयीनुसार विसरते.

साखळी दुकाने : मोठ्या किरकोळ व्यापाऱ्याविरुद्ध अमेरिकेत झालेला सर्वांत दीर्घ संघर्ष ‘ग्रेट अटलांटिक अँड पॅसिफिक टी कंपनी’ (ए अँड पी) या किराणा पेढीशी निगडित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्कमध्ये चहाचा व्यापार करणाऱ्या जॉर्ज गिलमन यांच्या पेढीतून ती उदयास आली. १८६९ मध्ये तिने हे नाव धारण केले. गिलमन यांचे भागीदार जॉर्ज हंटिंग्टन हार्टफर्ड (१८३३–१९१७) आणि त्यांचे पुत्र जॉर्ज (१८६४–१९५७) व जॉन (१८७२–१९५१) यांनी ती वाढविली. १९१२ मध्ये जॉन हार्टफर्ड यांनी एक नवा प्रयोग केला. उधारी बंद, घरपोच माल बंद, सजावट बंद आणि दुकान सांभाळायला एकच माणूस, अशी काटकसरीची दुकाने त्यांनी उघडली. नफ्याचे प्रमाण मुद्दाम अल्प ठेवून उलाढाल वाढविण्याचे हे तंत्र इतके यशस्वी झाले, की १९३० च्या सुमारास पेढीच्या दुकानांची संख्या १५,००० वर गेली. वर्षाला एक अब्ज डॉलरची विक्री करणारी ती जगातील पहिली किरकोळ व्यापारी पेढी होय. तिच्या स्वतःच्या बेकऱ्या होत्या, कॉफी भाजण्याचे कारखाने होते, डबाबंद मालाचे उत्पादनही ती करी. घाऊक व्यापाऱ्यास वगळून ती थेट उत्पादकाकडून माल घेई आणि त्या व्यापाऱ्यास मिळाली असती ती दलालीही किंमतीतून वजा करून मागे.

१९२९ नंतरच्या महामंदीत या पेढीविरुद्धचा रोष राजकीय बळ धरू लागला. इंडियाना राज्याने १९२९ मध्ये दुकानांच्या संख्येनुसार चढत जाणारा कर बसविला. १९३१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविताच त्या दशकात वीसहून अधिक राज्यांनी तसे कर लादले. लुइझिॲना राज्याने तर राज्यातील दुकाने न मोजता पेढीची देशभरची दुकाने मोजून प्रत्येक दुकानामागे जास्तीत जास्त ५५० डॉलरपर्यंत कर आकारला. १९३७ मध्ये तोही वैध ठरला. फ्लॉरिडाच्या करासंबंधीच्या १९३३ च्या खटल्यात बहुमताने कराचा एक भाग रद्द झाला, तेव्हा न्यायमूर्ती लूइस ब्रँडाइस (१८५६–१९४१) यांनी आपल्या भिन्नमतपत्रात एक मूलगामी विचार मांडला. साखळी दुकानांमुळे माल स्वस्त होत असला, तरी स्वतंत्र दुकानदार नोकरदार बनतात आणि गावाच्या सार्वजनिक जीवनाचे सूत्र दूरच्या कार्यालयात जाते. हे टाळण्यासाठी कर बसविण्याचा राज्यास अधिकार आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. किंमत हा एकच निकष पुरेसा नाही, या भूमिकेचे हे आजही सर्वांत समर्थ विवेचन मानावे लागेल.

टेक्ससचे काँग्रेस-सदस्य राइट पॅटमन (१८९३–१९७६) यांनी या चळवळीस देशव्यापी कायद्याचे रूप दिले. १९३६ च्या रॉबिन्सन-पॅटमन अधिनियमाने, एकाच प्रकारच्या मालासाठी निरनिराळ्या व्यापाऱ्यांकडून निरनिराळी किंमत घेणे, स्पर्धेस बाध येत असल्यास, निषिद्ध ठरविले आणि खरेदीदाराने स्वतःच दलाली घेण्याची प्रथा बंद केली. या विधेयकाचा मूळ मसुदा घाऊक किराणा व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या वकिलाने तयार केलेला होता. त्यावरून कायद्याचे खरे लाभार्थी कोण, हे उघड होते. दुसऱ्याच वर्षी उत्पादकांना किरकोळ किंमत ठरवून देण्याची मुभा देणारा मिलर-टायडिंग्ज अधिनियम संमत झाला. तो १९७५ मध्ये रद्द होईपर्यंत ज्या राज्यांनी तशी संमती दिली, तेथील ग्राहकांना स्वस्ताईस मुकावे लागले.

पॅटमन तेवढ्यावर थांबले नाहीत. दुकानांच्या संख्येनुसार ठरणाऱ्या कराला पेढीचा व्यवहार असलेल्या राज्यांच्या संख्येने गुणण्याची तरतूद असलेले विधेयक त्यांनी १९३८ मध्ये मांडले. या हिशोबाने हार्टफर्ड बंधूंच्या पेढीचा कर तिच्या नफ्याच्या कित्येक पट झाला असता. विरोधकांनी त्यास ‘देहान्ताचे विधेयक’ म्हटले ते अतिशयोक्त नव्हते. पेढीने १९३९ मध्ये वृत्तपत्रांतून मोठे निवेदन प्रसिद्ध केले, कामगार संघटनांशी करार केले, शेतकऱ्यांचा पडून राहणारा माल उचलून त्यांना आपलेसे केले. तत्पूर्वी १९३६ मध्येच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी साखळी दुकानांवरील कर सार्वमताने फेटाळला होता. गृहिणी, शेतकरी व संघटित कामगार असे तिघेही विरोधात गेल्यावर १९४० मध्ये विधेयक समितीतच विरून गेले.

दरम्यान पेढीस खरा धक्का निराळ्याच दिशेने बसला. मायकेल कलेन (१८८४–१९३६) हे एका प्रतिस्पर्धी साखळीतील अधिकारी. मोठ्या जागेत, गावाच्या कडेला, मोटारी उभ्या करण्याची सोय असलेले आणि ग्राहकाने आपल्या हाताने माल उचलावा असे दुकान काढण्याची सूचना त्यांनी वरिष्ठांना लेखी कळविली होती. तिची दखल कोणी घेतली नाही. मग त्यांनी नोकरी सोडून ऑगस्ट १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका रिकाम्या मोटारखान्यात असे दुकान थाटले. सुपरमार्केट या प्रकाराचा तो प्रारंभ समजला जातो. पाहता पाहता ए अँड पी ची हजारो लहान दुकाने तिचे बळ न राहता ओझे झाली. पुढील दोन दशकांत तिला दुकानांची संख्या सु. एकतृतीयांशावर आणून प्रत्येक दुकान मोठे करावे लागले. दर दुकानामागे आकारल्या जाणाऱ्या करामुळे या बदलास गतीच मिळाली. म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याला वाचविण्यासाठी केलेला कायदा सुपरमार्केटच्या पथ्यावर पडला.

शासनाने तरीही पाठ सोडली नाही. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली भरलेल्या फौजदारी खटल्यात १९४६ मध्ये पेढी दोषी ठरली, १९४९ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला व एकूण १,७५,००० डॉलर दंड झाला. पुष्कळ अर्थशास्त्रज्ञांनी, विशेषतः मॉरिस ॲडलमन (१९१७–२०१४) यांनी, या निर्णयावर कठोर टीका केली. पेढीने किंमती चढविल्याचा पुरावा नव्हता, तिचा अपराध स्वस्त विकण्याचाच होता, असे त्यांचे म्हणणे. ते बव्हंशी मान्य करावे लागते. परंतु खटल्यातील एक मुद्दा या टीकेखाली झाकला गेला. ‘अटलांटिक कमिशन कंपनी’ ही ए अँड पी ची उपकंपनी भाजीपाला व फळे खरेदी करी. ती मालक पेढीसाठी माल घेई आणि त्याच वेळी उत्पादकांची अडत्या म्हणून तोच माल इतर दुकानदारांनाही विकी. एकच अडत्या विकणाऱ्याचा प्रतिनिधी, घेणाऱ्याचा प्रतिनिधी आणि इतर घेणाऱ्यांचा प्रतिस्पर्धी असा तिहेरी वेषात बाजारात उभा होता. कोणता माल प्रथम कोणास दाखवावा व कोणत्या भावाने द्यावा हे त्याच्या हाती होते. पेढीचे तुकडे करण्यासाठी १९४९ मध्ये दाखल केलेला दिवाणी दावा १९५४ मध्ये तडजोडीने मिटला, तेव्हा पेढी अखंड राहिली. मात्र तिच्या या अडतीच्या व्यवहाराची अखेर झाली. बारीक वाटणारी ही अट पुढील इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरते.

हार्टफर्ड बंधूंच्या निधनानंतर नफा दुकानांच्या नूतनीकरणात न घालता लाभांशात वाटला गेला, उपनगरांकडे सरकलेल्या ग्राहकांमागे पेढी गेली नाही आणि तिची अवनती झाली. १९७९ मध्ये ती टेंगेलमान या जर्मन पेढीच्या ताब्यात गेली व २०१५ च्या दिवाळखोरीनंतर तिची उरलेली दुकाने विकली गेली वा बंद झाली. सीअर्सने आपले मोठे सूचिपत्र १९९३ मध्ये बंद केले. २०१८ मध्ये तिनेही दिवाळखोरी जाहीर केली.

विचारातील बदल : या अनुभवातून अमेरिकेतील विद्वानांनी काढलेला निष्कर्ष एकपक्षी होता. रॉबर्ट बॉर्क (१९२७–२०१२) यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात, मक्तेदारीविरोधी कायद्याचे एकमेव ध्येय ग्राहकांचे हित हे असावे, लहान व्यापाऱ्यांचे संरक्षण हे नसावे, असे आग्रहाने मांडले. शिकागो विद्यापीठाशी संबंधित अर्थशास्त्रज्ञांच्या या मताचा न्यायालयांवर खोल प्रभाव पडला. तोटा सोसून विकणाऱ्या पेढीने तो तोटा पुढे चढ्या किंमतींनी भरून काढण्याची वास्तव शक्यता असल्याचे सिद्ध केल्यावाचून तिला दोषी धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ठरविले. रॉबिन्सन-पॅटमन अधिनियम कायद्याच्या पुस्तकात राहिला, पण शासनाने तो वापरणे जवळजवळ सोडून दिले. ऑनलाइन व्यापार जन्मास आला तो अशा अनुकूल हवामानात.

ॲमेझॉन : जेफ बेझोस यांनी १९९४ मध्ये वॉशिंग्टन राज्यात स्थापन केलेल्या ॲमेझॉन या पेढीने जुलै १९९५ मध्ये पुस्तकविक्री सुरू केली. पूर्ण वर्षाचा नफा तिला प्रथम २००३ मध्ये झाला. तोवर आणि त्यानंतरही तिचे धोरण अल्प नफ्याचे व अखंड विस्ताराचे राहिले. जॉन हार्टफर्ड यांना ते परके वाटले नसते. येथेही शासनाचा रस्ता होताच. ज्या राज्यात विक्रेत्याचे दुकान वा नोकर नाहीत, त्या राज्यास त्याच्याकरवी विक्रीकर गोळा करता येत नाही, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये एका टपालविक्री पेढीच्या खटल्यात घातला व १९९२ मध्ये तो मुख्यतः कायम ठेवला. सूचिपत्रांसाठी केलेल्या या नियमाचा फायदा ऑनलाइन विक्रेत्यांना आयताच मिळाला. गल्लीतल्या दुकानदाराला करासह विकावे लागे, तेव्हा त्यांना तेवढी किंमत कमी ठेवता येई. हा नियम २०१८ मध्ये रद्द झाला.

ॲमेझॉनचे स्वरूप पालटले ते नोव्हेंबर २००० मध्ये. या वेळी तिने आपल्या संकेतस्थळावर इतर विक्रेत्यांनाही जागा दिली. बेझोस यांनी भागधारकांना दिलेल्या माहितीनुसार, एकूण विक्रीत या बाहेरच्या विक्रेत्यांचा वाटा १९९९ मध्ये ३ टक्के होता, तो २०१८ मध्ये ५८ टक्के झाला. २००५ मध्ये वार्षिक वर्गणी भरणाऱ्या ग्राहकांना त्वरित वाटपाची ‘प्राइम’ ही सवलत सुरू झाली आणि २००६ पासून बाहेरच्या विक्रेत्यांचा माल ॲमेझॉनच्या गोदामात ठेवून तिनेच तो पोहोचविण्याची व्यवस्था झाली. येणेप्रमाणे ॲमेझॉन ही दुकानदार, बाजारपेठेची मालक, गोदामवाली, मालवाहतूकदार आणि जाहिरातीच्या जागा विकणारी अशी सर्व काही झाली. ए अँड पी ही बाजारातील सर्वांत मोठे दुकान होती. तिच्या शेजारी दुसऱ्याला दुकान घालता येत होते. ॲमेझॉन बाजारच आपल्या मालकीचा करून त्यात स्वतःचे दुकानही चालविते. अडतीच्या उपकंपनीचा जो व्यवहार १९५४ मध्ये थांबविण्यात आला, तो येथे धंद्याचा पाया आहे.

ही दुहेरी भूमिका किती प्रभावी ठरते, याचे उदाहरण म्हणून लहान मुलांचे डायपर विकणाऱ्या क्विड्सी या पेढीचा उल्लेख केला जातो. ॲमेझॉनने या मालाच्या किंमती जोराने उतरविल्या आणि २०१० मध्ये ती पेढी सु. ५४·५ कोटी डॉलरना विकत घेतली. किंमतयुद्धात ॲमेझॉनने एका महिन्यात २० कोटी डॉलरहून अधिक तोटा सोसला, असे प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे २०२० मध्ये सांगण्यात आले. विकत घेतलेले ते संकेतस्थळ २०१७ मध्ये बंद करण्याचे ठरले. कलेन यांना पुरला तसा रिकामा मोटारखाना आता पुरत नाही, असा या घटनेचा अर्थ अनेकांनी लावला.

येल विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत असलेल्या लीना खान यांनी २०१७ मध्ये एका दीर्घ लेखात बॉर्क यांच्या निकषाने ॲमेझॉनचे सामर्थ्य मोजताच येत नाही, असे प्रतिपादन केले. २०२१ मध्ये त्या संघीय व्यापार आयोगाच्या अध्यक्ष झाल्या आणि २६ सप्टेंबर २०२३ रोजी आयोगाने सतरा राज्यांसह ॲमेझॉनविरुद्ध सिॲटल येथील न्यायालयात दावा दाखल केला. दाव्याची मांडणी मात्र खान यांच्या लेखाहून सावध आहे. ॲमेझॉन फार स्वस्त विकते अशी त्यात तक्रार नाही. उलट, इतरत्र स्वस्त विकणाऱ्या विक्रेत्याचा माल ती शोधयादीत मागे टाकते, त्यामुळे सर्वत्रच किंमती चढ्या राहतात, असा आरोप आहे. ‘प्राइम’ चे चिन्ह हवे असेल, तर विक्रेत्यास ॲमेझॉनचीच गोदामे व वाटपसेवा घ्यावी लागते आणि निरनिराळ्या शुल्कांपोटी त्याच्या उत्पन्नापैकी निम्म्याच्या जवळपास रक्कम जाते, असेही आयोगाचे म्हणणे आहे. ॲमेझॉनने हे सर्व नाकारले. रस्त्यावरची दुकाने हिशोबात घेतल्यास एकूण किरकोळ व्यापारात आपला वाटा लहान आहे, विक्रेते स्वखुशीने येतात व ग्राहकास स्वस्त माल लवकर मिळतो, असा तिचा बचाव आहे. न्यायालयाने २०२४ मध्ये दाव्याचा मुख्य भाग ग्राह्य धरला आणि सुनावणीसाठी २०२७ हे वर्ष नेमले. तिचा निकाल ‘बाजार’ म्हणजे नेमका कोणता, या व्याख्येवर बहुतांशी अवलंबून राहील.

स्पर्धेचे समर्थक वॉलमार्टसारख्या जुन्या पेढ्यांनी उघडलेल्या ऑनलाइन बाजारपेठांकडे आणि २०२२ मध्ये अमेरिकेत आलेल्या टेमू या चिनी बाजारपेठेकडे बोट दाखवितात. टेमूच्या स्वस्ताईमागे, ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांवर आयातशुल्क नसण्याच्या नियमाचाही हात होता. चीनमधून येणाऱ्या मालापुरती ही सवलत मे २०२५ मध्ये काढून घेण्यात आली.

चीन व यूरोप : चीनमधील घटनाक्रम या वादाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. अलीबाबा या पेढीने २००३ मध्ये ताओबाओ ही बाजारपेठ विक्रेत्यांना विनाशुल्क खुली केली आणि ई-बे या बलाढ्य अमेरिकन पेढीस तेथून हटविले. स्वतः प्रबळ झाल्यावर तिने ‘दोहोंपैकी एकाची निवड करा’ अशी अट विक्रेत्यांना घालण्यास सुरुवात केली. येथे विकणाऱ्याने प्रतिस्पर्ध्याकडे विकू नये, असा तिचा आशय. एप्रिल २०२१ मध्ये चीनच्या बाजार नियामक प्रशासनाने या प्रथेबद्दल तिला सु. १८·२ अब्ज युआन दंड केला. तो तिच्या २०१९ मधील देशांतर्गत विक्रीच्या चार टक्के होता. तत्पूर्वीच, २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पिनदुओदुओ या पेढीने लहान शहरांतील काटकसरी ग्राहकांना सामूहिक खरेदीची सवलत देऊन बाजारात पाय रोवले होते. २०२३ च्या अखेरीस तिचे भागमूल्य काही काळ अलीबाबाहून अधिक झाले. दंडाने ही किमया केली असे म्हणता येत नाही. पण विक्रेत्यांना एकाच दावणीस बांधणारी अट उठली नसती, तर नव्या बाजारपेठांना माल मिळणे कठीण गेले असते, हेही तितकेच खरे.

यूरोपीय संघाने खटल्याऐवजी पूर्वनियमनाचा मार्ग पत्करला. बाहेरच्या विक्रेत्यांची गोपनीय माहिती ॲमेझॉन स्वतःच्या दुकानासाठी वापरते काय, याची चौकशी यूरोपीय आयोगाने २०१९ मध्ये आरंभिली व डिसेंबर २०२२ मध्ये ती माहिती न वापरण्याची हमी घेऊन मिटविली. त्याच वर्षी अंमलात आलेल्या अंकीय बाजारपेठविषयक कायद्याखाली ॲमेझॉनसह काही पेढ्यांना २०२३ मध्ये ‘द्वारपाल’ ठरविण्यात आले. त्यांनी काय करू नये याची यादी कायद्यातच असून तिचे पालन मार्च २०२४ पासून बंधनकारक झाले.

भारत : भारतात मोठ्या उद्योगांचे नियंत्रण प्रथम १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा अधिनियमाने होत असे. त्याची जागा घेणाऱ्या २००२ च्या स्पर्धा अधिनियमाच्या मुख्य तरतुदी २००९ मध्ये अंमलात आल्या. ऑनलाइन व्यापारावरील खरा अंकुश मात्र परकीय गुंतवणुकीच्या नियमांतून आला. किरकोळ व्यापारात परकीय भांडवलास असलेला विरोध ध्यानात घेऊन केंद्र शासनाने २०१६ मध्ये अशा भांडवलास बाजारपेठ चालविण्याची परवानगी दिली. स्वतःचा माल ठेवून विकण्याची दिली नाही. ॲमेझॉन २०१३ पासून येथे होती आणि फ्लिपकार्ट ही मूळ भारतीय पेढी २०१८ मध्ये वॉलमार्टने १६ अब्ज डॉलरना बहुतांशी विकत घेतली. या दोन्ही पेढ्यांनी आपल्याशी संबंधित विक्रेत्यांमार्फत नियमास वळसा घातल्याच्या तक्रारी झाल्यावर, डिसेंबर २०१८ च्या परिपत्रकाने बाजारपेठेच्या मालकाचे भांडवल असलेल्या विक्रेत्यास तिच्यावर विक्री करण्याची मनाई करण्यात आली. केवळ एकाच बाजारपेठेवर विकण्याचे बंधन विक्रेत्यास घालणेही निषिद्ध ठरले. हे नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले.

अडत्या व दुकानदार या भूमिका वेगळ्या ठेवण्याचे तत्त्व कायद्यात इतक्या स्पष्टपणे फार थोड्या देशांनी लिहिले आहे. परंतु भारतात ते परकीय भांडवलापुरतेच लागू आहे. तेच व्यवहार देशी भांडवलाची पेढी बिनदिक्कत करू शकते. दुहेरी भूमिका ग्राहकास व लहान विक्रेत्यास अपायकारक असेल, तर मालकाच्या राष्ट्रीयत्वाने तिचा अपाय कमी होत नाही. नियमामागील प्रेरणा स्पर्धेच्या रक्षणाहून किराणा दुकानदारांच्या रक्षणाची अधिक होती, असा निष्कर्ष यावरून निघतो आणि पॅटमन यांच्या कायद्याची येथे आठवण होते.

स्पर्धा अधिनियमाखालील कार्यवाही संथ राहिली. दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये दोन्ही पेढ्यांच्या चौकशीचा आदेश दिला. मोबाइल दूरध्वनींची ठराविक बाजारपेठेवरच होणारी विक्री, अवाजवी सूट व पसंतीच्या विक्रेत्यांना मिळणारे झुकते माप हे तिचे विषय. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात तीस स्थगिती दिली. ती उठून सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये हस्तक्षेप नाकारेपर्यंत दीड वर्ष गेले. २०२४ मध्ये चौकशीचे अहवाल तयार झाले, त्यांत कायद्याचा भंग झाल्याचे मत नोंदविले गेले आणि विविध उच्च न्यायालयांत पुन्हा याचिका सुरू झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कर्नाटक उच्च न्यायालयाकडे एकत्र सोपविल्या. यूरोपच्या धर्तीवरील अंकीय स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

डिसेंबर २०२१ मध्ये शासनाच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘ओएनडीसी’ या ना-नफा कंपनीचा प्रयत्न या सर्वांहून वेगळ्या जातीचा आहे. तीत बाजारपेठेचा मालक कोणीच नसतो. ग्राहक एका पेढीच्या साधनावर मागणी नोंदवितो, दुकानदार दुसऱ्या पेढीकडे नोंदलेला असतो, माल तिसरी पोहोचविते आणि यांना जोडणारे नियम सर्वांस सारखे असतात. दिल्ली परिसर, बंगळूर, भोपाळ, शिलाँग व कोईमतूर येथे एप्रिल २०२२ मध्ये तिचा प्रायोगिक आरंभ झाला. पार्सल टपालाप्रमाणे येथेही रस्ता बांधणे हे शासनाचे व त्यावर धंदा करणे हे व्यापाऱ्यांचे काम मानलेले आहे. अडचण येते ती तक्रारीच्या वेळी : माल खराब निघाल्यास जबाबदार कोण, हे एकाच मालकाच्या बाजारपेठेत जितके उघड असते तितके येथे नसते. शिवाय, मुंबई, दिल्ली, बंगळूर यांसारख्या शहरांत वस्तीतील लहान गोदामांतून काही मिनिटांत किराणा पोहोचविणाऱ्या पेढ्यांनी स्पर्धेचे क्षेत्रच हलविले. त्यांच्या मोठ्या सवलतींविरुद्ध ग्राहकोपयोगी मालाच्या वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाकडे दाद मागितली.